सुविचाराची वही: एका वचनावर सात दिवस

शाळेच्या परिपाठात रोज एक सुविचार फळ्यावर लिहिला जातो आणि दुसऱ्या दिवशी पुसला जातो. मोठेपणी हेच काम मोबाइल करतो. सकाळी सहाला सूर्योदयाच्या चित्रावर एक वाक्य येते, आपण जोडलेल्या हातांची खूण पाठवतो आणि आंघोळीला जातो. वर्षाला तीनशे पासष्ट वचने अशी डोळ्यांखालून जातात. त्यांतले एक वागण्यात उतरत नाही, लिहिण्यात तर नाहीच. वचनांत खोट नसते, ती फार वेगाने येतात एवढेच. वचनावर राबावे लागते आणि राबायला एक आठवडा तरी लागतो.

पुढची पद्धत मराठीत लिहू पाहणाऱ्या कुणालाही चालेल: लेख, भाषण, शाळेचा निबंध, गेला बाजार सोसायटीची नोटीस. रोज वीस मिनिटे, आठवड्याला एकच वचन.

वही

२०० पानी एकरेघी वही घ्या. पहिली चार पाने सूचीसाठी सोडा. उरलेल्या १९६ पानांत आठवड्याला चार पाने धरली की ४९ आठवडे होतात. वर्षातले बाकीचे तीन आठवडे दिवाळी, लग्नसराई आणि ताप यांच्या नावे सोडून द्या, कारण ते तसेही जाणारच आहेत. चार पानांची वाटणी अशी: पहिल्यावर मूळ वचन, दुसऱ्यावर अर्थ आणि त्याची उलट बाजू, तिसऱ्यावर आपला मजकूर, चौथ्यावर कापून नीट केलेला मसुदा आणि खाली आठवड्याचा हिशोब.

प्रत्येक पानाला चारही बाजूंनी दोन बोटे जागा सोडा. हा सल्ला जुना आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवर आहे. त्यात समर्थ अक्षराचे वळण, ओळींतले अंतर, टाक, शाई, कागद अशा बारीकसारीक गोष्टी सांगतात. ‘भोंवतें स्थळ सोडून द्यावें’ असे म्हणून कारणही देतात: कागद कडेने झडला तरी अक्षराला धक्का लागू नये. आपल्या वहीचा कागद झडणार नाही, पण दुरुस्त्या कुठेतरी लिहाव्या लागतील. त्याच समासात तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामाला येत नाही, असेही आहे. दहा वर्षांनी वही उघडायची असेल तर तेही ऐका.

हाताने लिहायचे, टंकायचे नाही. ओळ कॉपी-पेस्ट केली की ती न वाचताच वहीत जाते. हाताने उतरवताना प्रत्येक शब्दाला थांबावे लागते, आणि हा शब्द इथे का आला असेल हा प्रश्न तिथेच पडतो.

कोणते वचन घ्यावे

कसोटी सोपी आहे: लहान मुलाला त्या वाक्याचे चित्र काढता येईल का? ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ याचे चित्र निघते. दगड आहे, पाथरवट आहे, टाकी आहे, उडणाऱ्या कपच्या आहेत. ‘सकारात्मक विचार हीच यशाची गुरुकिल्ली’ याचे चित्र काढायला सांगितले तर मूल एक किल्ली काढेल आणि कुलूप कुठे आहे म्हणून विचारेल. ज्या वचनात डोळ्याला दिसणारी वस्तू नाही, त्यावर सात दिवस टिकाव लागत नाही. तिसऱ्याच दिवशी आपण तेच वाक्य शब्द बदलून पुन्हा लिहू लागतो.

दुसरी गोष्ट, वचन थोडे टोचले पाहिजे. वाचताच ‘अगदी बरोबर’ वाटले तर ते आपल्या सवयींची पाठ थोपटते आहे. वाचून जरा राग आला, ‘हे सांगायला सोपं आहे’ असे वाटले, की ते घ्या.

पहिले चार आठवडे म्हणींवर काढा. म्हणीचा कर्ता शोधावा लागत नाही आणि भाषा ओळखीची असते. पाचव्या आठवड्यापासून अभंग आणि ओव्या, संस्कृत सुभाषिते त्यानंतर.

सोमवार: मूळ गाठणे

हा दिवस सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा. सुटी ओळ मिळाली की तिच्या आधी आणि नंतर काय आहे ते पाहायचेच. न पाहिल्यास काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे ‘प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे’. प्रयत्नाची थोरवी सांगायला ही ओळ बक्षीस समारंभात हमखास येते. पण ती आहे भर्तृहरीच्या नीतिशतकातल्या एका श्लोकाच्या, वामन पंडितांनी केलेल्या मराठी रूपांतराची सुरुवात. पूर्ण श्लोक म्हणतो की वाळू रगडून एक वेळ तेल निघेल, मृगजळ पिऊन तहान भागेल, रानात हिंडून सशाचे शिंगही सापडेल, पण हट्टी मूर्खाचे मन वळवता येणार नाही. म्हणजे तेल निघणे हे इथे अशक्याचे उदाहरण आहे. व्यासपीठावरून ज्यांना ही ओळ ऐकवतात, त्यांना पुढच्या ओळी ठाऊक नसतात हे बरेच आहे.

‘उठा, जागे व्हा’ हे दुसरे. स्वामी विवेकानंदांनी ते घरोघर पोचवले, मूळ मात्र कठोपनिषदात आहे (१.३.१४): ‘उत्तिष्ठत जाग्रत प्राप्य वरान्निबोधत’. शेवटच्या दोन शब्दांत जाणत्यांकडे जा आणि समजून घ्या असे सांगितले आहे. पुढे लगेच ही वाट वस्तऱ्याच्या धारेसारखी अवघड असल्याचे येते. आपल्या पोस्टरवर धावणारा माणूस असतो. मुळात तो कुणाकडे तरी शिकायला निघालेला आहे. या एका फरकाने आठवडाभर काय लिहायचे ते बदलते.

कर्त्याचे नाव तपासताना छंद मदतीला येतो, ही गोष्ट फार थोडे लोक वापरतात. ‘दिसामाजि काहीतरी ते लिहावे, प्रसंगी अखंडीत वाचीत जावे’ ही लिहिणाऱ्यांची लाडकी ओळ समर्थांच्या नावाने आणि पुष्कळदा ‘दासबोध’ असा उल्लेख करून दिली जाते. आता अक्षरे मोजा. प्रत्येक ओळीत बारा, आणि क्रम लघु-गुरु-गुरु असा चार वेळा. हे भुजंगप्रयात वृत्त झाले, मनाच्या श्लोकांचे. दासबोध ओवीत आहे. तेव्हा ओळ कुणाचीही असो, तिच्याखाली ‘दासबोध’ लिहिता येत नाही. ग्रंथ, अध्याय किंवा अभंगाची पहिली ओळ हाती लागत नसेल तर वहीत ‘प्रचलित’ एवढेच लिहा. मोठ्या माणसाचे नाव लावल्याने ओळ जड होत नाही, आपण मात्र हलके ठरतो.

शोधताना अडचण येते ती दोन ठिकाणी. छापील गाथेच्या सूचीत अभंग पहिल्या ओळीने लावलेले असतात, आणि लोकांच्या तोंडी असते ती बहुधा शेवटची ओळ. अशा वेळी इंटरनेटवर पूर्ण ओळ टाकू नका. ओळीतले दोन-तीन ठळक शब्द टाका, कारण प्रत्येक प्रतीत लेखन थोडे वेगळे असते. दुसरी अडचण अनुस्वारांची. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखन नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढले. त्यामुळे जुन्या छपाईत ‘करितां’ दिसेल, नव्यात ‘करिता’. वहीत उतरवताना समोरच्या प्रतीत आहे तसेच उतरवा, निम्मे जुने निम्मे नवे करू नका.

मंगळवार आणि बुधवार

मंगळवारी अर्थ लिहा, चार वाक्यांत, घरात बोलतो त्या भाषेत. मूळ वचनातला एकही मोठा शब्द परत वापरायचा नाही. वचनात ‘अभ्यास’ असेल तर अर्थात ‘अभ्यास’ चालणार नाही. ‘तेच तेच रोज करत राहणं’ असे लिहा. नियम जाचक वाटतो, पण त्यानेच कळते की आपल्याला अर्थ समजला होता की नुसता शब्द आवडला होता. चौथे वाक्य जमत नसेल तर तीनवर थांबा आणि कुठे अडले ते समासात लिहा.

बुधवारी वचनाविरुद्ध लिहायचे. हे कुठे लागू पडत नाही? मराठी म्हणी यात आपणहून मदत करतात, कारण त्या एकमेकींशी भांडतात. ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ म्हणणारी भाषाच ‘पाचामुखी परमेश्वर’ म्हणते. ‘शुभस्य शीघ्रम्’ एकीकडे, ‘उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग’ दुसरीकडे. कोणती खरी, हा वाद घालत बसू नका. पहिली कोणत्या प्रसंगात खरी आणि दुसरी कोणत्या, हे दोन-दोन ओळींत लिहा. घर विकत घेताना पाचामुखी परमेश्वर, कविता लिहिताना करावे मनाचे. ज्याने बुधवार टाळला त्याचे लिखाण सुविचारासारखेच गुळगुळीत होते, आणि वाचक त्यावर ‘छान’ म्हणून पुढे जातो.

गुरुवार: प्रसंग

वचन झाकून ठेवा. त्यात सांगितलेली गोष्ट जिथे घडताना दिसते असा एक प्रसंग १५० शब्दांत लिहा. वचन उद्धृत करायचे नाही, आणि यश, संघर्ष, जिद्द, ध्येय, सातत्य, प्रेरणा, भरारी हे सात शब्द त्या दिवशी बंद. प्रसंगात किमान एक आकडा, एक वस्तू आणि कुणीतरी बोललेले एक वाक्य असले पाहिजे.

समजा, आठवड्याचे वचन तुकोबांचे आहे: ‘असाध्य तें साध्य करितां सायास । कारण अभ्यास तुका म्हणे’. सवयीने उमटणारा मजकूर असा असतो:

‘सातत्य आणि जिद्द यांच्या जोरावर माणूस कोणतीही अवघड गोष्ट साध्य करू शकतो. नव्या सुनेने प्रयत्न सोडले नाहीत आणि अखेर तिला यश मिळाले.’

कशात यश मिळाले, किती दिवसांत, आधी काय चुकत होते? लिहिणाऱ्यालाच माहीत नाही. आता नियम पाळून:

‘पहिल्या दिवशी भाकरी परातीतून उचलतानाच तुटली. दुसऱ्या दिवशी तव्यापर्यंत पोचली, पण कडेला चार भेगा. सासूबाई म्हणाल्या, “तू पीठ मळलंच नाहीस, नुसतं कालवलंस.” तिसऱ्या दिवसापासून ती तळहाताच्या टाचेने पीठ रगडू लागली. दहाव्या दिवशी भाकरी फुगली. कुणी काही बोललं नाही. नेहमीसारखी सगळ्यांनी खाल्ली.’

दुसऱ्या परिच्छेदात उपदेशाचा एक शब्द नाही, तरी अभ्यास म्हणजे काय ते त्यात आहे. शिवाय पहिल्यात नसलेली एक गोष्ट त्यात आली: नुसते पुन्हा पुन्हा करून भागले नाही, काय चुकते ते कुणीतरी दाखवावे लागले. वचनात न सांगितलेली अशी गोष्ट गुरुवारी सापडली तर तिच्याखाली रेघ ओढा. पुढे पूर्ण लेख लिहायचा झाला तर तो तिथून सुरू होतो.

हा मजकूर ४० ते ५० शब्दांतच संपत असेल तर घाबरू नका. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे असेच होते, कारण उपदेश काढून टाकल्यावर आपल्याकडे सांगायला किती थोडे होते ते उघड पडते. शब्द वाढवण्यासाठी विशेषणे घालू नका. आणखी एक तपशील आठवा: भांडे कोणते होते, वेळ काय होती, दुसरा माणूस काय करत होता.

शुक्रवार: बांधणी

आज अर्थ सोडा आणि वचन कसे बांधले आहे ते पाहा. वरच्याच अभंगाकडे वळू. आपण मिरवतो ती ओळ तिसऱ्या कडव्यातली आहे. पहिले कडवे ‘साधुनी बचनाग खाती तोळा तोळा’ असे सुरू होते. बचनाग म्हणजे जहाल विष, आणि तोळा म्हणजे साडेअकरा ग्रॅमहून थोडे जास्त. एक जण सवयीने ते तोळा तोळा खातो, दुसऱ्याला ते डोळ्यांनी पाहवत नाही. (हे अर्थातच करून पाहायचे नाही.) दुसऱ्या कडव्यात कुणी भुजंग हातात धरतो आणि बाकीचे नुसते बघून कापतात. ही दोन चित्रे डोळ्यांसमोरून गेल्यावर ‘असाध्य तें साध्य’ येते. तोवर ते आपल्याला पटलेले असते. आपण फलकावर फक्त शेवटची ओळ लावतो आणि ती पटत का नाही म्हणून नवल करतो.

तुकोबांच्या दुसऱ्या एका अभंगातही हाच क्रम चालतो: ‘ओलें मूळ भेदी खडकाचें अंग । अभ्यासासी सांग कार्यसिद्धि’. आधी खडक फोडणारे ओले मूळ, मग अभ्यासाची गोष्ट. ‘ओले’ हा शब्द काढून ‘मूळ भेदी’ म्हणून पाहा. मऊ, पाण्याने भिजलेली वस्तू दगडात शिरते यातले बळ लगेच ओसरते. एका विशेषणावर ओळ उभी आहे, म्हणून ते विशेषण शोभेचे नाही.

शुक्रवारचे काम: गुरुवारच्या प्रसंगातून एक ओळ याच साच्यात बांधायची. मोठ्या अभंगाचा साचा सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा असतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचे यमक जुळते. जोडाक्षर एकच मोजायचे. मोजून पाहा: ‘असाध्य तें साध्य’ सहा, ‘करितां सायास’ सहा, ‘कारण अभ्यास’ सहा, ‘तुका म्हणे’ चार. सायास आणि अभ्यास यांचे यमक. नमुन्यादाखल एक:

चहा होतो गार । वही राही कोरी ।
लेखकाची चोरी । कोण पाहे ॥

काव्य म्हणून यात काही नाही, व्यायाम म्हणून पुरेसे आहे. बाविसात बसवायचे म्हटले की ‘अत्यंत’, ‘खरोखर’, ‘आपल्या सर्वांच्या’ हे शब्द आपोआप गळतात, आणि गद्य लिहितानाही हात आवरता होतो. अक्षरसंख्येवर फार घुटमळू नका. ‘साधुनी बचनाग’ मोजलेत तर सात भरतील. चालीत एखादे अक्षर सामावते. पण आरंभीचे दहा-बारा आठवडे स्वतःला ही सूट देऊ नका, नाहीतर साचाच राहत नाही.

पद्य नकोच असेल तर म्हणीचा साचा घ्या. ‘थेंबे थेंबे तळे साचे’: चार शब्द, आठ अक्षरे, लहान वस्तू आधी, मोठी नंतर, क्रियापद शेवटी. याच क्रमाने आपले एक वाक्य बांधा.

शनिवारी कापायचे. गुरुवारचे १५० शब्द १०० वर आणा. आधी शेवटचे वाक्य पाहा. तिथे दहापैकी आठ वेळा बोध चिकटलेला असतो, तो काढा. मग पहिले वाक्य, ते बहुतेक प्रस्तावना असते. त्यानंतर ‘करण्यात आले’, ‘दिसून येते’, ‘असे म्हटले तर वावगे ठरू नये’ अशी मंडळी. एवढ्यावर ३०-३५ शब्द जातात. बाकीचे विशेषणांतून काढा.

रविवारी मोठ्याने वाचा, शक्यतो दुसऱ्या कुणाला. जिथे श्वास अपुरा पडतो तिथे वाक्य लांब आहे. जिथे आवाज आपोआप भाषणाचा होतो, तिथे आपण पुन्हा फळ्यावर लिहू लागलो आहोत.

वागण्याचा हिशोब

लिहिणे सुधारते पण माणूस तिथेच राहतो, असे या वहीचे होऊ शकते. म्हणून सोमवारीच वचनाखाली एक कृती लिहा. तिच्यात क्रियापद, वेळ आणि माप ही तिन्ही असली पाहिजेत. ‘मी रागावर ताबा ठेवीन’ ही कृती नाही, कारण रविवारी ती झाली की नाही हे सांगता येत नाही. ‘रात्री जेवणानंतर नऊ ते नऊ वीस फोन दुसऱ्या खोलीत ठेवून लिहीन’ ही कृती आहे. ‘बोले तैसा चाले’ या वचनासाठी: ‘या आठवड्यात कुणालाही “बघतो” म्हणणार नाही, हो किंवा नाही सांगेन, आणि हो म्हटलेले वहीत नोंदवीन.’ आठवड्याअखेर किती वेळा हो म्हटले आणि त्यातले किती पुरे झाले, हे दोन आकडे चौथ्या पानाच्या तळाशी लिहा. टिप्पणी नको, आकडे पुरे.

मोडते कुठे? बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवशी, कारण सोमवारच्या उत्साहात माप मोठे धरलेले असते. सकाळी पाचला उठून दोन तास लिहिण्याचा संकल्प करणाऱ्याने आधी रात्री अकराचे झोपणे बदललेले नसते. जे माप सहज वाटते त्याच्या निम्मे धरा. वीस मिनिटे वाटत असतील तर दहा. दुसरी चूक म्हणजे बुडालेला दिवस भरून काढणे. बुधवार चुकला म्हणून गुरुवारी चाळीस मिनिटे बसलात तर शुक्रवारीही बुडण्याची शक्यता वाढते. कर्ज फेडल्यासारखे लिहिले की लिहिण्याचा कंटाळा येतो. चुकलेल्या दिवशी फक्त एक आडवी रेघ ओढा आणि पुढच्या दिवसाचे काम करा. सलग दोन आठवडे चारपेक्षा जास्त रेघा आल्या तर माप चुकले आहे, माणूस नाही.

वचनाची मर्यादाही इथेच सांगायला हवी. आळस, टाळाटाळ, भीड यांवर वचन काम करते. झोप उडाली आहे, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चालले आहे, अशा माणसाच्या हातात ‘मन करा रे प्रसन्न’ देणे म्हणजे पाय मोडलेल्याला पळायला सांगणे आहे. त्याला डॉक्टरकडे न्या. टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६ आहे.

लेखात वचन वापरताना

वर्षभरात वहीत चाळीसएक वचने जमतील आणि ती सगळी वापरण्याचा मोह होईल. साधारण ८०० शब्दांच्या लेखात एक, फार तर. दोन झाली की ती एकमेकांचे पाणी काढून घेतात.

वचनाने सुरुवात करू नका. ओळ वाचकाला आधीच पाठ असते, त्यामुळे पुढे काय येणार याचा तो अंदाज बांधतो आणि बहुतेक वेळा तो बरोबर ठरतो. शिवाय तुकोबांच्या ओळीनंतर लगेच आपले वाक्य ठेवले की ते लंगडे दिसते, ही तुलना आपणच ओढवून घेतलेली असते. वचन मध्यावर ठेवा, प्रसंग सांगून झाल्यावर, जिथे वाचकाच्या मनात ते येऊ लागले आहे तिथे. आणि ते अर्धेच द्या. ‘तोळा तोळा’ एवढे दोन शब्द योग्य जागी आले तर जाणकाराला पूर्ण अभंग ऐकू येतो, नवख्यालाही अर्थाची अडचण होत नाही.

वचन दिल्यावर ‘म्हणजेच’ म्हणून त्याचा अर्थ सांगायला बसू नका. अर्थ सांगावा लागत असेल तर प्रसंग नीट उतरलेला नाही, दुरुस्ती तिथे करा. आणि वचनाने शेवटही नको. तिथे ते आले की वाचकाला सभा संपल्याची चाहूल लागते, तो चपला शोधू लागतो.

निरोप समारंभ, सत्कार, श्रद्धांजली यांच्या भाषणांत थोडी सूट आहे. ऐकणाऱ्याला मागचे पान उलटता येत नाही, म्हणून ओळखीची ओळ त्याला टेकायला लागते. तिथेही ज्याचा सत्कार आहे त्याची एक ठरावीक सवय आधी सांगा, मग वचन. ‘सरांनी ३० वर्षांत एकदाही खडूचा तुकडा टाकून दिला नाही’ या वाक्यानंतर ‘थेंबे थेंबे तळे साचे’ चालते. त्याआधी नाही.

वही भरत आली की

दर तेराव्या आठवड्याला नवे वचन घेऊ नका. त्या आठवड्यात मागची बारा उघडा. गुरुवारच्या कोणत्या मजकुराखाली रेघा ओढल्या आहेत ते पाहा आणि त्यातला एक निवडून त्याचा ८०० ते १,००० शब्दांचा लेख करा. वीस मिनिटे गुणिले सात म्हणजे दोन तास वीस मिनिटे. त्यात पहिला खर्डा होतो, पक्का लेख होत नाही. पक्का करायला आणखी तेवढाच वेळ लागेल, तो पुढच्या रविवारी काढा.

लेख संपला की त्याचा पहिला आणि शेवटचा परिच्छेद शेजारी ठेवून वाचा. लेखनक्रियेच्या त्याच समासात म्हटले आहे की पहिले अक्षर जसे काढले तसेच ग्रंथ संपेपर्यंत दिसावे, सगळे एकाच टाकाने लिहिल्यासारखे. ते अक्षराबद्दल आहे, पण मजकुरालाही लावून पाहता येते. पहिल्या परिच्छेदात परात आणि भेगा असतील आणि शेवटच्यात ‘समाज’, ‘पिढी’, ‘मूल्ये’ आली असतील, तर मध्ये कुठेतरी टाक बदलला आहे. कोणत्या वाक्यापासून ते शोधा, तिथे पानाच्या कडेला खूण करा, आणि तिथून पुढचे पुन्हा लिहा.

सूचीच्या पानांवर प्रत्येक वचनापुढे तीन रकाने ठेवा: मूळ सापडले का, कृती किती दिवस झाली, लेख झाला का. ज्या वचनांपुढे तिन्ही रकाने कोरे आहेत ती नव्या वहीच्या पहिल्या आठवड्यांसाठी काढून ठेवा. ती अजून टोचत असतील.